पाणी अडवा, पण वेळ लिहून



या अंकाचा अग्रलेख नावांच्या शर्यतीवर आहे हे पाहून कापूस-ज्वारीच्या मुलखातली मंडळी हसतील. ज्या गावाला मार्च लागला की टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावाने शंभर-शंभर माणसांच्या नावा कशा पळतात याची उठाठेव कशाला करावी? प्रश्न रास्त आहे. शर्यत कोण जिंकले यात आम्हालाही फारसा रस नाही. आमचा रस आहे तो शर्यतीच्या दिवसासाठी निघणाऱ्या सरकारी हुकुमात. अमुक पाण्यात, अमुक वेळी, कोणीही नाव घालू नये. घातली तर जप्त होईल, असा तो हुकूम. बंदी म्हटली की आपले कान टवकारतात. तात्पुरती बंदी म्हटली की जास्तच. २०१२ च्या मार्चमध्ये एका आदेशाने कापसाची निर्यात बंद झाली, तेव्हा घरात कापूस ठेवून बसलेल्यांना ‘तात्पुरती’ या शब्दाची किंमत चांगलीच कळली होती. म्हणून म्हटले, जिथे बंदी खरोखर लागते आणि ठरल्या वेळी खरोखर उठते, अशी एखादी जागा नीट पाहून घ्यावी.

केरळात आलप्पुळा, म्हणजे पूर्वीचे अलेप्पी. शेजारी वेंबनाड हे मोठे सरोवर. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनच्चिल या नद्या तिथे येऊन मिळतात आणि त्यांच्या तोंडाशी कुट्टनाड हा भाताचा मुलूख पसरला आहे. शेते समुद्राच्या पातळीखाली, काही ठिकाणी तर दोन मीटर खाली. आपण विहिरीतून पाणी काढून शेतात सोडतो. तिथला शेतकरी शेतातले पाणी उपसून बाहेर नदीत टाकतो, तेव्हा कुठे त्याला पेरता येते. भोवती मातीचे बांध, आत भात, बाहेर डोक्याच्या वर पाणी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली म्हणून बांध फुटायचे थांबले नाहीत, पण ते असो.

या मुलखात रस्ता म्हणजे पाणी. खताची गोणी नावेने येते, भाताची पोती नावेने जातात, कापणीचे यंत्रसुद्धा दोन नावा जोडून त्यावर चढवून आणावे लागते. शाळेतली पोरे, बाळंतीण, दवाखान्यात न्यायचा म्हातारा, सारे नावेत. तेव्हा तिथे ‘पाण्यावर बंदी’ याचा अर्थ आपल्याकडे गावचा एकुलता एक रस्ता दिवसभर अडवण्यासारखा आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

या पाण्यात पुन्नमडा नावाचा भाग आहे. १९५२ च्या डिसेंबरात पंतप्रधान नेहरू तिकडे गेले, तेव्हा त्यांच्यासाठी नावांची शर्यत लावली होती. नडुभागम गावची नाव जिंकली. नेहरू इतके खुश झाले की सुरक्षेचा बंदोबस्त बाजूला सारून त्या नावेतच चढले. म्हणजे या शर्यतीत बंदोबस्त मोडणारा पहिला माणूस कोण, तर देशाचा पंतप्रधान! पुढे त्यांनी चांदीची ढाल पाठवली, नावेच्या आकाराची. तेव्हापासून ही शर्यत चालू आहे. बहुतेक वर्षे ती ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत आली. २०१८ च्या महापुरामुळे ती नोव्हेंबरात गेली, कोरोनाची दोन वर्षे झालीच नाही, २०२४ साली वायनाडच्या दरडीमुळे सप्टेंबरअखेर झाली, २०२५ साली ३० ऑगस्टला.

शर्यतीची मुख्य नाव म्हणजे चुंडन, आपली वर्तमानपत्रे तिला सर्पनौका म्हणतात. शंभर फुटांहून लांब, मागचा भाग नागाच्या फणीसारखा वर उचललेला, रुंदीला मात्र दोन माणसे शेजारी बसतील एवढीच. वल्हेकरी ऐंशीपासून शंभरावर. मागे उभे राहून सुकाणूची लांब वल्ही धरणारे वेगळे, मध्ये फळीवर दांडा आपटून ठेका धरणारे वेगळे. इतकी माणसे बसली की नावेची कड पाण्याच्या जेमतेम वर राहते. आता अशा नावेच्या बाजूने इंजिनाची बोट गेली आणि तिची लाट आडवी आली तर काय होईल हे सांगायला जलवाहतुकीचा तज्ज्ञ नको. बैलगाडी भरगच्च कापसाने लादलेली असताना चाक खड्ड्यात गेले की काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला कळेल. २०२३ साली तिकडेच चंपकुळच्या शर्यतीत बायकांची एक नाव उलटली होती. सगळ्या वाचल्या, कारण वाचवणारे जवळ होते.

आणि वेगाचे म्हणाल तर, २०२४ च्या पुन्नमड्याच्या अंतिम फेरीत कारिच्चाल नावेला ४ मिनिटे २९.७८५ सेकंद लागले आणि वीयपुरम नावेला ४ मिनिटे २९.७९०. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाने पाच. महिनोन्‌महिने सराव केलेल्या दोन गावांचा निकाल पाच सहस्रांश सेकंदाने लागतो, तिथे एखाद्या हौशा पाहुण्याच्या मोटारबोटीची लाट किती मोठा अन्याय करू शकेल?

म्हणून त्या दिवशी जिल्हा प्रशासन शर्यतीचा पट्टा मोकळा करते. प्रेक्षकांच्या बोटी सकाळी ठरलेल्या वेळेआधी आपापल्या जागी लागल्या पाहिजेत, नंतर हलायचे नाही. पट्ट्यात घुसलेली बोट जप्त, चालकाच्या परवान्यावर कारवाई. सरकारी प्रवासी बोटींच्या फेऱ्या बदलतात. बंदी शर्यतीपुरती. संध्याकाळी ढाल दिली गेली की पाणी पुन्हा सगळ्यांचे.

आमचे मत स्पष्ट सांगतो. ही बंदी योग्य आहे. आयुष्यभर बंद्यांच्या विरोधात बोललो म्हणून प्रत्येक बंदी वाईट असे आम्ही म्हणणार नाही. ऊस-कापसाच्या गाड्यांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर शंकरपट लावायचा असेल, तर रस्ता तेवढा वेळ अडवावाच लागेल. न अडवता पट लावणारा मूर्ख म्हणावा लागेल, उदारमतवादी नव्हे.

हे न केल्यास काय होते त्याचा दाखला केरळात शोधायला नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसे गेली. तिथे शर्यत नव्हती, पण वेग शर्यतीचाच होता आणि पाणी प्रवाशांचे होते. ज्याला वेग हवा त्याने आधी पाणी मोकळे करून घ्यावे, हा साधा नियम पुन्नमड्याच्या वल्हेकऱ्यांना लागू होतो. तो इंजिनवाल्यांना का लागू असू नये?

आता दुसरी बाजू. बंदी योग्य असली तरी ती घालणारा कोण, हे पाहावे लागते. पुन्नमड्याची शर्यत भरवणारी जी संस्था आहे, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. बंदीचा हुकूम काढणारेही जिल्हा प्रशासन. म्हणजे मंडप ज्याचा, तिकीट ज्याचे, दंडुकाही त्याचाच. एखाद्या वर्षीचा जिल्हाधिकारी देवमाणूस असेल, आम्ही व्यक्तीबद्दल बोलत नाही. पण शर्यत यशस्वी करणे हे ज्याचे काम, त्याला ‘माझ्या बेटावरच्या आईला आज दवाखान्यात न्यायचे आहे’ असे सांगणारा माणूस अडथळाच वाटणार. पुन्नमड्याच्या पलीकडे आलप्पुळा नगरपालिकेचा एक वॉर्ड आहे, त्याचे नावच नेहरू ट्रॉफी वॉर्ड. पाण्याने वेढलेला. ज्या शर्यतीचे नाव त्या वॉर्डाला दिले, त्या शर्यतीच्या दिवशी तिथल्या माणसाला पलीकडे जायला बोट कुठून, किती वाजता, कोणत्या बाजूने मिळेल, हे हुकुमाच्या पहिल्या ओळीत असले पाहिजे. प्रेक्षकांच्या बोटी कुठे लावायच्या ते त्याच्या खाली.

या बाबतीत अमेरिकेची रीत पाहण्यासारखी आहे. तिथल्या सगळ्याच रीती आणून इथे रुजवाव्यात असे आमचे म्हणणे नाही. तिथले बियाणे आणि तिथली अनुदाने यांबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. पण नदीवर किंवा खाडीत शर्यत घ्यायची तर तिथे शर्यतवाला वेगळा आणि हुकूम काढणारा वेगळा. हुकूम काढते ते तटरक्षक दल. शर्यत पहिल्यांदाच होणार असेल तर भरवणाऱ्याने १३५ दिवस आधी अर्ज द्यायचा. दरवर्षीचीच, बदल नसलेली शर्यत असेल तर ६० दिवस. मग दल नियम तयार करून केंद्राच्या राजपत्रात छापते. त्यात पाण्याचा कोणता तुकडा बंद, ते अक्षांश-रेखांशांनी लिहिलेले असते. कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, ते लिहिलेले असते. जागेवर निर्णय घेणारा गस्त अधिकारी कोण आणि वायरलेसच्या कोणत्या चॅनेलवर त्याला विचारायचे, तेही. अनेक हुकुमांत दोन फेऱ्यांच्या मध्ये इतर नावांना परवानगीने जाऊ देण्याची सोय असते. आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, १९८० च्या एका कायद्यामुळे त्या खात्याला लिहावे लागते की या बंदीचा छोट्या धंदेवाल्यांवर काय परिणाम होईल. चार तासांच्या बंदीसाठी!

तो परिच्छेद बहुतेक वेळा ठरीव साच्यातला असतो, हेही सांगून टाकतो. गेल्या वर्षीचा उचलायचा आणि तारीख बदलायची, हे तिकडच्या कारकुनालाही जमते. अर्ज उशिरा आला तर ‘लोकांची मते मागवायला वेळ नाही’ असे लिहून पुढे जायची वाटही कायद्यात ठेवली आहे. तरीसुद्धा, लिहावे लागते. आणि जे लिहावे लागते ते कोणीतरी न्यायालयात वाचून दाखवू शकतो. कोळ्याने, रेतीच्या बोटीवाल्याने, भाड्याच्या होड्यावाल्याने. आपल्याकडे बंदीच्या हुकुमात ‘जनहितार्थ’ एवढा शब्द घातला की कारणाचे काम भागते.

कुट्टनाडातच दुसरी एक पाण्यावरची बंदी आहे, आणि ती शेतकऱ्यांसाठी घातलेली आहे. तिच्याबद्दल बोलायला हवे, नाहीतर आम्ही फक्त दुसऱ्यांच्या बंद्या मोजतो असे होईल. वेंबनाड सरोवर समुद्राला जोडलेले. पावसाळा सरला, नद्यांचा जोर ओसरला की भरतीबरोबर खारे पाणी आत चढते. मीठ कपाशी बऱ्यापैकी सोसते, ज्वारीही सोसते. भात सोसत नाही. मुळाशी थोडे मीठ वाढले की भाताचा उतारा घटायला लागतो. म्हणून सरोवरावर आडवा तण्णीरमुक्कमचा बंधारा बांधला. १९७६ पासून तो चालू आहे. डिसेंबरच्या मध्यावर दारे पाडायची, मार्चच्या मध्यावर उचलायची, असा मूळ हिशेब. तीन महिने भाताचे, उरलेले वर्ष माशांचे.

पण भात तारखेला पिकतोच असे नाही. पाऊस लांबला, उपसा उशिरा झाला, बियाणे वेळेवर आले नाही की पेरणी मागे जाते आणि कापणीही. मग दारे एप्रिलपर्यंत, कधी त्याहून पुढे बंद राहतात. आत पाणी कोंडते. जलपर्णी माजते, तिच्यात बोटीचे पंखे अडकतात. खताचे आणि औषधांचे पाणी वाहून जात नाही. कोळंबीच्या पिलांना समुद्रातून वर यायची वाट राहत नाही. मासेमार बंधाऱ्यावर मोर्चे आणतात, दारे उचला म्हणतात. शेतकरी म्हणतात, आणखी पंधरा दिवस. दोघांचेही पोट खरे आहे. आम्ही शेतकऱ्यांची संघटना म्हणून शेतकऱ्याची बाजू घेऊन मोकळे झालो असतो, पण शेतीशास्त्र तसे सांगत नाही. ज्या गाळावर तो भात उभा आहे, त्या जमिनीलाही वर्षातून एकदा पाणी खेळते राहायला हवे. कोंडलेल्या पाण्यातली कीड, तण आणि आंबटपणा शेवटी भाताकडेच येतो. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचे मूळ घराणे याच कुट्टनाडातले. त्यांच्या संस्थेने २००७ साली या मुलखाचा अभ्यास करून दिला तेव्हा पेरणीचे वेळापत्रक ठरवून पाळण्यावर भर दिला होता, तो यासाठीच. पेरणी वेळेवर झाली तर दारे वेळेवर उघडता येतात. दारे उशिरा उघडतात याचा राग मासेमारांनी शेतकऱ्यावर काढण्यात अर्थ नाही, आणि शेतकऱ्याने मासेमारांवर काढण्यात त्याहून नाही. ज्यांनी पेरणीच्या वेळी पंपाची वीज, बांधाची दुरुस्ती आणि बियाणे पोचवायचे, ते दोघांच्या भांडणाच्या वेळी मधल्या खुर्चीवर बसलेले असतात.

पुन्नमड्याच्या बंदीला संध्याकाळ आहे. तण्णीरमुक्कमच्या बंदीला कागदावर मार्च आहे आणि पाण्यावर नाही. आम्हाला फरक दिसतो तो इथे.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. कोरडवाहू म्हटले म्हणून आपल्याकडे पाण्यात माणसे बुडत नाहीत असे नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली, अकरा जण गेले, नात्यागोत्यातले. २०२४ च्या जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला वैनगंगा ओलांडणाऱ्या बायांची नाव बुडाली. सहा जणी गेल्या. दिवसाच्या मजुरीसाठी निघाल्या होत्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. करमाळा आणि इंदापूर हे ज्वारीचे तालुके. त्या पाण्याखाली कुणाच्या जमिनी गेल्या आणि त्यावरून नावेने कोण जाते, हे तिथल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

यांतली एकही नाव शर्यतीची नव्हती. लग्नकार्याला, मातीला, मजुरीला, बाजाराला जाणाऱ्या नावा. शर्यतीच्या नावेभोवती पोलिसांच्या बोटी, पाणबुडे, रुग्णवाहिका, मोकळा केलेला पट्टा. मिरची तोडायला जाणाऱ्या बाईच्या नावेभोवती काय? वारा किती असला तर नाव सोडायची नाही, किती माणसे बसली की सातव्याला उतरवायचे, याचा बोर्ड तरी कुठल्या घाटावर पाहिला आहे? मुंबईत पंधरा माणसे गेल्यावर गेटवेला लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. ते चांगलेच झाले. पण वैनगंगेच्या घाटावर जॅकेट कोण देणार? नावाडी ज्या भाड्यावर नाव चालवतो, त्यात त्याचे दोन वेळचे भागत नाही, आणि त्याला दंड लावला तर तो नाव ओढून काठावर टाकील. मग पलीकडच्या मजुरीला बाया पोहून जातील काय?

आणि आपल्याकडे अपघातानंतर सरकारला जी एक गोष्ट हमखास सुचते ती म्हणजे सरसकट बंदी, ‘पुढील आदेशापर्यंत’. हे तीन शब्द नव्हेत, दोनच आहेत, पण त्यांच्यात वर्षे मावतात. पुढचा आदेश येत नाही. नाव मात्र आठ दिवसांनी पुन्हा सुरू होते, चोरून, अंधारात, जास्त माणसे भरून, कारण फेऱ्या कमी करायच्या असतात. बंदीने पाणी सुरक्षित झाले नाही. नावाडी गुन्हेगार झाला आणि प्रवाशाच्या जिवाला धोका वाढला. ज्याला बंदी उठवायची तारीख लिहायची हिंमत नाही, त्याने बंदी घालू नये. पुराचे पाणी घाटाच्या अमुक पायरीवर असेतोवर बंदी, पायरी उघडी पडली की नाव सुरू, असे लिहिता येते. वारा सुटला तर तासभर थांबा, असे लिहिता येते. जत्रेच्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा इंजिनाच्या बोटी या घाटावर नकोत, पलीकडच्या घाटावर लावा, असे लिहिता येते. आणि बंदीच्या दिवसाची नावाड्याची बुडालेली कमाई कोण भरून देणार, हेही लिहिता येते. पुन्नमड्याला तिकीट विकले जाते. त्या तिकिटातून काठावर बसलेल्या होडीवाल्याला दिवसाची मजुरी मिळावी, ही मागणी तिथल्या लोकांनी करायला हरकत नसावी. आपल्याकडे जत्रेच्या लिलावातून ती देता येईल.

पावसाळ्यापूर्वीच्या जिल्हा बैठकीत हा विषय घ्यायचे ठरले आहे. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, गोदावरी आणि भीमेच्या काठच्या तालुक्यांतून येणाऱ्या कार्यकर्त्यांनी रिकाम्या हाताने येऊ नये. आपल्या तालुक्यात किती घाटांवरून नाव चालते, नाव लाकडाची की पत्र्याची, इंजिन आहे की वल्हे, एका फेरीला साधारण किती माणसे बसतात, पावसाळ्यात किती दिवस बंद असते आणि ती कोण बंद करतो, शेवटचा लेखी हुकूम कोणत्या तारखेचा आणि त्यात उठवण्याची तारीख होती का, एवढे वहीत लिहून आणावे. नावाड्याला विचारून लिहावे, तलाठ्याला विचारून नव्हे. जमले तर नावाड्यालाच बैठकीला घेऊन यावे. त्याच्या येण्याजाण्याच्या भाड्याची सोय तालुका शाखांनी करावी.